कानस पारखून घ्यावी

आमच्याकडे चेनसॉ, म्हणजे दातांच्या चेननं लाकूड कापणारं मशीन, घ्यायचा तर घरातली चार माणसं दुकानात जातात. किती सीसीचं मशीन, चेन ज्याच्यावरून फिरते तो बार किती इंची, पेट्रोल किती खातं, पार्ट कुठे मिळतात, सगळी चौकशी होते. मशीन घरी आलं की नारळ फुटतो, हळदीकुंकू लागतं. खोक्याच्या तळाशी, पान्याच्या शेजारी, पुष्कळदा चेनला धार लावायची एक बारीक गोल कानस पडलेली असते. तिची चौकशी कुणीच करत नाही. मशीनचं पुढचं सगळं काम मात्र तिच्यावर अवलंबून असतं.

मी शेतकरी आहे. आमचं गाव अमळनेर आणि पारोळ्याच्या मधल्या पट्ट्यात, बोरी नदीपासून फार लांब नाही. बांधावरची वठलेली झाडं काढणं, जूनच्या वादळात रस्त्यावर आडवे झालेले निंब बाजूला करणं, सरपणाची बाभूळ कापणं, ही कामं घरच्या मशीनवर आम्हीच करतो आणि चेनला धारही हातानंच लावतो. या सगळ्या कामात मला सगळ्यात मनापासून सांगावंसं वाटतं ते कानशीबद्दल. मशीन घेताना जेवढा विचार करतो त्याहून जास्त विचार तिच्यावर करावा, या मताचा मी आहे. मशीन एकदाच घेतो, कानस पुन्हा पुन्हा घ्यावी लागते, आणि प्रत्येक वेळी ती पारखून घ्यावी लागते.

खानदेशातलं लाकूडच तसं आहे. कंपन्यांच्या पुस्तिकेत जी झाडं कापताना दाखवतात ती थंड मुलखातली, मऊ लाकडाची. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा उभी वाळलेली बाभूळ कापायला घ्यावी, मग चेनची खरी परीक्षा होते. चिंचेचा गाभा तसाच. सातपुड्यातला अंजन तर आपल्या देशातल्या सगळ्यात जड आणि कठीण लाकडांपैकी एक. अंजन, साग, मोह, चिंच ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही, आणि लावूही नये. पण वादळानं पडलेल्या अंजनाची फांदी परवानगी घेऊन कापायची वेळ आली की लाकूड म्हणजे काय ते हाताला कळतं.

लाकडापेक्षाही चेनचा मोठा वैरी म्हणजे धूळ. गाडवाटेच्या कडेला उभ्या बाभळीच्या सालीला खोल भेगा असतात, आणि ट्रॅक्टरनं उडवलेली धूळ वर्षानुवर्षं त्या भेगांत बसलेली असते. निंबाला वाळवी लागली की बुंध्यावर मातीचं जाड कवच चढतं. त्या मातीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी पोलादाच्या दातापेक्षा कठीण असते. म्हणजे दात लाकडापर्यंत पोचायच्या आधीच सालीत बोथट होतो. म्हणून आम्ही कापायच्या जागेवरची साल आधी कुऱ्हाडीनं तासून घेतो. तरीही बांधावरच्या झाडानं गिळलेली जुनी काटेरी तार किंवा कुणीतरी कधी ठोकलेला खिळा आतून निघतोच. पुस्तिकेत धार कधी लावायची याचं जे वेळापत्रक असेल ते असो, इकडे टाकी भरायला थांबलं की चेनकडेही बघायचं, हाच नियम.

धार गेल्याची खूण भुशात दिसते. धारदार चेन लाकडाचा जाडसर कीस बाहेर फेकते. बोथट चेनमधून पिठाळ भुसा पडायला लागतो, मशीन आपोआप आत ओढलं जायचं थांबतं, आणि माणूस वरून जोर द्यायला लागतो. कामावरचा पोरगा म्हणतो, "आप्पा, मशीन कापी नही ऱ्हायनं." मी म्हणतो, "मशीनमा दम शे भो, दातस्ले धार नही." जोर देऊन कापणं हेच सगळ्यात धोक्याचं. थकलेला माणूस, दाबून धरलेलं मशीन आणि अचानक सुटलेली फांदी, अपघात होतो तो इथेच.

कानस कशी निवडायची ते कळण्यासाठी दात जवळून बघायला हवा. सावलीत बसून एकच दात बोटात धरावा. वरून एक आडवा पत्रा, बाजूनं एक उभा पत्रा, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे एक कोपरा. हा कोपरा लाकडाचे धागे तोडतो आणि वरची कड रंध्याच्या पात्यासारखी कीस उचलते. त्या कडेच्या खाली एक गोल पोकळी असते. त्या पोकळीची गोलाई हीच कानशीची गोलाई. दाताच्या पुढे एक छोटा खुंटा असतो, दुकानात त्याला डेप्थ गेज म्हणतात. दातानं एका वेळी किती खोल जायचं ते तो ठरवतो.

दाताची ही रचना एका अळीवरून सुचली. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्यानं एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड कुरतडताना पाहिली. ती जबडा डावीकडे-उजवीकडे असा आलटून पालटून चालवत होती आणि लाकडाच्या रेषेला न जुमानता हवी तशी वाट काढत होती. कॉक्सनं तसेच एकाआड एक डावे-उजवे दात असलेली चेन बनवली आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. आज ओरेगन नावानं जी चेन मिळते तिची सुरुवात ती. आपल्याकडे आंब्याच्या खोडात शिरून छिद्रातून भुसा बाहेर टाकणारी खोडकिड्याची अळी सगळ्या शेतकऱ्यांनी पाहिलेली आहे, ती त्याच कुळातली. ती झाडाचं काय करते ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तिच्या जबड्याची ताकद वेगळी सांगायला नको.

आता कानशीचा नंबर. बहुतेक लोक इथेच फसतात. दुकानात जाऊन "चेनसॉची कानस द्या" म्हटलं की दुकानदार हाताला येईल ती काढून देतो. चेनच्या पिचप्रमाणे, म्हणजे तिच्या रिव्हेटी किती अंतरावर आहेत त्याप्रमाणे, कानशीची जाडी बदलते; पिचचे आकडे इंचात असतात. पाव इंच पिचच्या आणि छोट्या मशीनवरच्या लो प्रोफाइल (ठेंगण्या दातांच्या) ३/८ पिचच्या चेनला ४.० मिलिमीटर. ०.३२५ पिचला ४.८. मोठ्या ३/८ पिचला स्टिल (Stihl) कंपनीच्या चेनसाठी ५.२ आणि ओरेगनसाठी ५.५. ०.४०४ ची जाड चेन आमच्याकडे सहसा लागत नाही, तिलाही ५.५. चेनच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो, म्हणून खोकं फेकू नये. खोकं हरवलं असेल तर चेनवर कोरलेला नंबर बघावा. स्टिलच्या चेनवर तो डेप्थ गेजवर असतो, ओरेगनच्या चेनवर बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीवर. तोही झिजला असेल तर ओळीनं तीन रिव्हेटी धरून पहिलीच्या मध्यापासून तिसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजावं आणि निम्मं करावं. सव्वाआठ मिलिमीटर आलं तर ०.३२५, नऊच्या वर थोडं आलं तर ३/८.

जुने हार्डवेअरवाले अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांच्याकडे ४.० ची कानस म्हणजे सव्वा सूत, ४.८ ची म्हणजे दीड सूत, आणि ५.५ ची म्हणजे पावणेदोन सूत. हे हिशेब अगदी बरोबर बसतात, आणि काउंटरवर मिलिमीटर सांगून समोरचा गोंधळला तर सूत सांगावं, चटकन कळतं. फक्त ५.२ ची कानस सुताच्या कुठल्याच सोप्या हिशेबात बसत नाही. ती हवी असेल तर आकडा कागदावर लिहून न्यावा.

जाडी चुकली तर काय होतं? कानस बारीक पडली की ती पोकळीत खाली खोल खणत जाते, वरची कड पातळ आणि आकड्यासारखी वाकडी होते. पहिल्या दोन फांद्यांना अशी चेन झकास कापते, मग कड तुटते. कानस जाड पडली की कड उभी राहते, लाकडात शिरतच नाही, कितीही घासा. बरोबर जाडीच्या कानशीचा सुमारे पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर दिसायला हवा, बाकीची पोकळीत. ही एक खूण डोळ्यात बसली की नंबर चुकला तरी पहिल्या हातालाच कळतं.

जाडीइतकाच महत्त्वाचा आकार. कुठल्याही हार्डवेअर दुकानात मिळणारी साधी गोल कानस टोकाकडे निमुळती होत जाते. भोक मोठं करायला ती उत्तम, चेनच्या दाताला मात्र निरुपयोगी. मुठीकडे एक जाडी, टोकाकडे दुसरी, मग दाताची गोलाई प्रत्येक हाताला बदलणार. चेनसॉची कानस मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीची असते. लांबी साधारण आठ इंच, म्हणजे २०० मिलिमीटर. तिच्यावरचे दात आडवे न जाता पिळाच्या रेषेत फिरत गेलेले असतात, त्यामुळे दाताची कड घासताना खडखड होत नाही, सलग कापलं जातं. जाडी मोजायचं व्हर्नियर असेल तर तीन ठिकाणी मोजून घ्यावं, नसेल तर दोन बोटांच्या चिमटीतून सावकाश सरकवून बघावं. निमुळतेपण बोटांना लगेच जाणवतं.

हे सगळं मला शिकवलं ते माझ्या मोठ्या मामांनी. ते भुसावळला रेल्वेत फिटर होते. चेनसॉ त्यांनी नोकरीत कधी हातात धरला नसेल, पण कानस त्यांना माणसासारखी ओळखू यायची. आयटीआयला फिटर ट्रेडला गेलेल्या कुणालाही विचारा, सुरुवातीचे कितीतरी आठवडे एकच काम: लोखंडाचा ठोकळा व्हाइसमध्ये धरायचा, कानशीनं सपाट करायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, फट दिसली की पुन्हा घासायचा. मामा त्या शिस्तीतले. ते म्हणायचे, "भाचा, कानस पुढं ढकलताना काम करते आणि मागं ओढताना मरते." कानशीचे दात एकाच दिशेला तोंड करून असतात. मागे घेताना ती दाताला टेकवून ओढली की त्या बारीक दातांचे शेंडे मोडतात. म्हणून पुढे सरळ, एका दमात, आणि मागे येताना उचलून. चांगली कानस आठवड्यात संपली अशी तक्रार करणाऱ्यांचा हात बघा, निम्म्या वेळा कारण तिथे सापडेल.

उरलेल्या निम्म्या वेळा मात्र कानसच वाईट असते. कानस बनते ती जास्त कार्बनच्या पोलादाची, साधारण सव्वा टक्का कार्बन. आधी हे पोलाद तापवून सावकाश थंड करून मऊ करतात, घासून गुळगुळीत करतात, मग छिन्नीनं त्यावर दात उठवतात. दात उठले की पुन्हा लाल करून एकदम थंड करतात, त्यानं ते कडक होतं. खरी मेख या शेवटच्या पायरीत आहे. भट्टीत हवा लागली की पोलादाच्या पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो. आतला गाभा कडक, आणि ज्यांनी काम करायचं ते दातांचे शेंडे मऊ. म्हणून चांगले कारखानदार कानशीला लेप लावून किंवा क्षाराच्या वितळलेल्या कुंडात तापवतात, हवा लागू देत नाहीत. वाईट कानस बाहेरून अगदी तशीच काळीभोर, चकचकीत दिसते. पहिली चार दातं मस्त घासते, मग सरकायला लागते. चेनच्या दातावर वरून कठीण क्रोमियमचा थर असतो, त्यामुळे मऊ शेंड्यांची कानस तिथे फार वेळ तग धरत नाही.

शेजारच्या घरी पोरानं ऑनलाइन तीन कानशींचं पाकीट मागवलं होतं, बनवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. एक चेन पूर्ण व्हायच्या आत तिन्ही कानशी गुळगुळीत झाल्या. पैसे गेले ते थोडेच, पण त्या तीन कानशींनी घासून चेनच्या दातांच्या कडा गोल करून ठेवल्या, त्याचं वाईट वाटलं. पुढे चांगल्या कानशीनं त्या कडा परत काढायला अर्धी सकाळ गेली.

मग घ्यायची कुणाची? आमच्या भागात धुळ्याला किंवा जळगावला मशीनच्या डीलरकडे स्टिल, हस्कवर्ना, ओरेगन या नावांच्या कानशी मिळतात. या कंपन्या मशीन आणि चेन बनवण्यात मुरलेल्या आहेत, पण कानस बनवणं हा वेगळा धंदा आहे, आणि त्यांच्या नावाची कानस पुष्कळदा कानस बनवणाऱ्या जुन्या कारखान्याकडूनच येते. जर्मनीची फर्ड ही त्यातली एक. स्टिलचं गोल आणि सपाट कानस एका चौकटीत बसवलेलं जे टू-इन-वन साधन मिळतं ते फर्डचंच. स्वित्झर्लंडमधल्या वालोर्ब गावची, त्याच नावाची कानस जगभर नावाजलेली आहे. आपल्याकडे जेके फाइल्स आहे, रेमंड समूहातली. तिचे कारखाने आपल्या कोकणात, रत्नागिरी आणि चिपळूणला आहेत, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या कानस बनवणाऱ्यांमध्ये तिची गणना होते. चेनसॉची कानसही ती बनवते. भुसावळच्या मामांची पिढी जेकेच्या कानशींवरच वाढली. माझं मत विचाराल तर नावापेक्षा ताजेपणा आणि साठवण बघा. उत्तम कंपनीची कानस दुकानात दमट कोपऱ्यात, इतर कानशींच्या ढिगात, एकमेकींवर आपटत पडली असेल तर तिचे शेंडे तिथेच मोडलेले असतात. तेलकट कागदात किंवा प्लास्टिकच्या वेष्टनात वेगळी ठेवलेली साधी कानस तिच्यापेक्षा बरी.

दुकानात मी काय करतो ते सांगतो. दुकानदाराला विचारून कानस वेष्टनातून काढतो आणि काउंटरच्या काचेवर हळूच लोळवतो. सरळ असेल तर गुपचूप लोळत जाते. वाकडी असेल तर टकटक वाजते, कधी मध्ये उजेडाची फट दिसते. मग दाराशी जाऊन उन्हात धरतो आणि सावकाश फिरवतो. पिळाच्या रेषा सगळीकडून सारख्या खोल दिसल्या पाहिजेत. कुठे एखादी पट्टी गुळगुळीत राहिलेली, कुठे दात एकमेकांवर चढलेले, कुठे गंजाचा तांबूस ठिपका, असं काही दिसलं की ती परत. शेवटी अंगठ्याचं नख तिच्यावरून अलगद पुढे नेतो. चांगल्या कानशीवर नखाची पांढरी भुकटी लगेच निघते आणि टोकापासून मुठीपर्यंत सारखी निघते. खिशात जुन्या तुटलेल्या चेनचा एक तुकडा असतो. दुकानदार ओळखीचा असेल तर एकच हात मारू देतो. कानस दाताला चावली की हाताला कळतं, सरकली तरी कळतं. असं करताना कुणी रागावलं नाही. उलट एका म्हाताऱ्या हार्डवेअरवाल्यानं मागच्या खोलीतून नवीन पेटी आणून दिली आणि म्हणाला, "अप्पासाहेब, पारखणाऱ्याला ही द्यायची."

कानस एकदम डझनभर घेऊ नये, निदान पहिल्यांदा तरी नाही. एकच घ्यावी, घरी आणून चेन पूर्ण घासून बघावी. पटली की मग त्याच पेटीतल्या बाकीच्या घ्याव्या, कारण एका पेटीतल्या कानशी सहसा एकाच घाण्यातल्या असतात. शिवाय एक मूठ विसरू नये. कानशीचं शेपूट टोकदार असतं, बिनमुठीची कानस अडकली की ते सरळ तळहातात जातं. लाकडाची किंवा प्लास्टिकची मूठ, कशीही चालेल, पण घट्ट बसलेली हवी.

या पहिल्या कानशीनं धार लावतानाच तिची खरी ओळख होते. मी बार ओंडक्यावर नीट अडकवतो, हातमोजे घालतो, चेनवरचं तेल फडक्यानं पुसून घेतो. तेलानं भिजलेला चुरा कानशीच्या दातांत अडकतो आणि ती काम करेनाशी होते. बहुतेक चेनच्या दाताच्या माथ्यावर एक तिरकी रेघ कोरलेली असते, तीच कोनाची खूण. साधारण ३० अंश. कानस आतून बाहेरच्या बाजूला, त्या रेघेला समांतर धरायची आणि पुढे न्यायची. चांगली कानस असेल तर खस्स असा सलग आवाज येतो आणि दातापुढे लोखंडाचा बारीक चुरा साठतो. आवाज बदलून किरकिर झाली की समजावं, एकतर कानस तेलकट झाली किंवा तिचा तो भाग संपला. मी दर काही दातांनंतर कानस बोटांत थोडी फिरवून घेतो, म्हणजे तिची सगळी बाजू सारखी वापरली जाते. नाहीतर एकाच रेषेवर घासून घासून ती एका बाजूनं चपटी होते, आणि माणूस म्हणतो कानस संपली.

धार आली की नाही ते उन्हात बघावं. दाताच्या कडेकडे सरळ समोरून पाहायचं. बोथट कडेवर ऊन पडलं की बारीक पांढरी रेघ चमकते. धारदार कडेवर चमकायला जागाच नसते, तिथे काहीच दिसत नाही. ती पांढरी रेघ नाहीशी होईपर्यंत घासायचं, एक हातही जास्त नाही. आणि जो दात सगळ्यात झिजलेला असेल त्याच्या लांबीला बाकीचे सगळे आणायचे. एक दात लांब, एक आखूड राहिला की मशीन एका बाजूला वळत कापतं.

तीन-चार वेळा धार लावली की सपाट कानस लागते, ती त्या पुढच्या खुंट्यासाठी. दात झिजून खाली येतो आणि खुंटा तिथेच उंच राहतो, मग दात लाकडाला टेकतच नाही. सर्वसाधारण चेनला खुंटा दाताच्या कडेपेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली हवा. त्यासाठी एक खाचेची पट्टी मिळते, ती चेनवर ठेवली की खुंट्याचा जेवढा भाग वर दिसतो तेवढाच घासायचा. अंदाजानं घासू नये. खुंटा जास्त खाली गेला की दात लाकडात अधाशासारखा घुसतो, मशीन उसळतं, आणि वाळलेल्या बाभळीत ते उसळणं जीवघेणं ठरू शकतं. आमच्या भागात "खुंटे खाली घेतले की मशीन पळतं" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नये.

रस्त्याकडेला ग्राइंडरवर पाच मिनिटांत धार लावून मिळते. काटेरी तारेनं कोपरे उडालेली चेन असेल तर मीही नेतो, तेवढं लोखंड कानशीनं काढणं कठीणच. एरवी नाही. ग्राइंडरचा दगड दातावर थोडा जास्त टेकला की दात निळा पडतो. निळा पडलेला दात जळलेला असतो, त्याची कड टिकत नाही. कानशीनं दात कधी जळत नाही, आणि दर वेळी लागतं तेवढंच लोखंड जातं.

पावसाळ्यात कानशी जपाव्या लागतात. मृग लागला की घरातल्या हत्यारांच्या पेटीतही दमट वास येतो. आम्ही प्रत्येक कानस वेगळी, कोरड्या फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यात ठेवतो, आणि पाइपच्या दोन्ही तोंडांना बूच. पान्या-पकडींच्या पेटीत ती कधीच टाकू नये. वापरलेल्या कानशीवर तेल लावू नये. वापरण्याआधी शाळेचा खडू तिच्यावर घासला की चुरा अडकत नाही, आणि अडकलेला चुरा पितळी तारेच्या ब्रशनं दातांच्या रेषेत झाडून काढावा. पाइपवर ठळक अक्षरात जाडी लिहिलेली असते, कारण घाईच्या वेळी ४.० आणि ४.८ नजरेला सारख्याच वाटतात.

शेवटी कानस संपते. ती सरकायला लागली, उन्हात चमकायला लागली, की मी तिच्याकडून आणखी एक चेन काढायचा प्रयत्न करत नाही. कानस शे-दोनशेची आणि चेन तिच्या कितीतरी पटीची. संपलेल्या कानशी वेगळ्या जमा करून गावातल्या लोहाराकडे देतो. त्या पोलादाचे पंच आणि छोट्या छिन्न्या चांगल्या होतात, त्यालाही ते माहीत आहे. देताना एक गोष्ट मी घरातल्या पोरांना सांगून ठेवलेली आहे. जुनी कानस पहार म्हणून वापरायची नाही, आणि तिच्यावर हातोडा तर मुळीच मारायचा नाही. कडक केलेलं पोलाद काचेसारखं फुटतं आणि तुकडा थेट डोळ्यात जातो. लोहार आधी ती भट्टीत लाल करून राखेत सावकाश थंड करतो, मगच तिच्यावर पहिला घाव घालतो.